मॅग्नेटारचा भडका: नुसता 'तारकंप' पुरेसा नाही

मॅग्नेटार म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजेच मोठ्या ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेला अतिघन गाभा. त्याच्या कवचाला तडा गेला, म्हणजे 'तारकंप' झाला, की किरणांचा भडका उडतो, असे सहसा सांगितले जाते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. ऊर्जेचा खरा साठा चुंबकीय क्षेत्रात असतो. ताऱ्याच्या पोटातले पिळलेले क्षेत्र कवचावर सतत ताण देते, कवच सरकले की त्यात रुतलेल्या बाहेरच्या चुंबकीय बलरेषाही पिळल्या जातात, आणि त्या तुटून नव्याने जोडल्या जाताना ही ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते.

२७ डिसेंबर २००४ च्या एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारच्या महास्फोटात पहिला झोत जेमतेम ०.२ सेकंद टिकला. नंतर सुमारे सहा मिनिटे, ताऱ्याच्या ७.५६ सेकंदांच्या फेरीच्या ठेक्यावर, क्ष-किरण येत राहिले, कारण चुंबकीय पाशात अडकलेला तप्त गोळा ताऱ्याबरोबरच फिरत होता. क्ष-किरणांच्या या सहा मिनिटांच्या शेपटीत सेकंदाला १८, ३० आणि ९२ अशी कंपनेही सापडली. म्हणजे कवच हादरले असावे; पण हादऱ्याने भडका उडाला, की बलरेषांच्या तुटण्याने हादरा बसला, हे त्यावरून ठरत नाही. मला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण इतक्या प्रबळ क्षेत्रात तडा झपाट्याने पसरणेच अवघड असते.