फवारणीतील विषबाधेचे खापर फवारणाऱ्यावरच का?

धागाकर्ता : 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून 'मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत' हेच पालुपद ऐकू येते. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, दमट उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन प्लॅस्टिकच्या पोशाखात दिवसभर चालणे अशक्यप्राय आहे, हे ठाऊक असूनही इतकी जहाल औषधे बाजारात आणू देणाऱ्यांना आधी जाब विचारायला हवा, असे माझे मत आहे.

कास्तकार : हे एकांगी आहे. मी स्वतः कपाशी पिकवतो. दोन-तीन औषधे अंदाजाने एकत्र कालवायची, नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे आणि त्याच हाताने तंबाखू-सुपारीचा खर्रा मळायचा, हे सर्रास चालते. वाऱ्याकडे पाठ करून फवारायला आणि बांधावर साबण ठेवायला पोशाख लागत नाही. बंदी घातली तर बोंडअळीपुढे आम्ही काय करायचे, हेही सांगा. 2017 मध्ये सरकारने काही औषधांची विक्री तात्पुरती थांबवली होती. पुढच्या हंगामात फवारणी होतीच.

धागाकर्ता : बंदीने सारे सुटेल, असे मी म्हटलेले नाही. मात्र ती मिश्रणे शेतकऱ्याला बहुधा दुकानाच्या गल्ल्यावरूनच सुचवली जातात, हे आपणही जाणता.

तिसरा वाचक : आपण दोघेही मालकाच्या बांधावरून बोलत आहात. पंप प्रायः रोजंदारीवरच्या मजुराच्या पाठीवर असतो आणि कोणते औषध कालवायचे हे तो ठरवत नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम 38 नुसार, स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला तो कायदाच लागू होत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत विषबाधेने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, पण ते वहितीधारक, म्हणजे नावावर शेतजमीन असलेल्या, शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. भूमिहीन मजूर त्यात बसतच नाही.

कास्तकार : मजुराचा मुद्दा मान्य आहे. तरीही पाच एकरवाल्याने पोशाख, विमा आणि दवाखाना या तिन्हींचा खर्च कापसाच्या आजच्या भावात भागवावा, ही अपेक्षा मला पटत नाही. तो खर्च औषधाच्या बाटलीच्या किमतीतच धरून कंपनीकडून वसूल करा. त्याला माझा पाठिंबा राहील.

तिसरा वाचक : मग ती बाटली महागेल आणि आपण मजुरी कमी कराल.