मुलगा भाजीला हात लावत नाही, खिडकीच्या ग्रिलमध्ये लावून बघितली तर खाईल का?

घणसोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि भाजी म्हणजे फक्त बटाटा, तोही वरून कोथिंबीर न घातलेला. वरणभात, तूप-पोळी, दही, केळं, संपलं. पालक मिक्सरमधून काढून पराठ्यात घातला तर पठ्ठ्याने पराठा खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि ताट सरकवलं. डॉक्टर म्हणतात वजन-उंची ठीक आहे, मागे लागू नका, सासूबाई म्हणतात लाड जास्त झालेत, आणि नवरा स्वतःच भरली वांगी बाजूला काढून नुसता रस्सा खातो त्यामुळे त्याच्याकडून काही अपेक्षाच नाही.
आता बहिणीने सुचवलंय की घरी त्याच्या हाताने लावून घे, स्वतः लावलेलं मुलं खातात म्हणे. हे खरं आहे की नुसतं रील्समध्येच होतं? पूर्वेकडचं बॉक्स ग्रिल आहे, ऊन अकरापर्यंत असतं, पण आता पाऊस सुरू झालाय. काय लावू? टोमॅटो चालेल का?

वसंतविहारवाली
टोमॅटो आत्ता नको गं. एक तर त्याला पाच-सहा तास कडक ऊन लागतं, पावसात फुलं गळतात, पानांवर करपा येतो, आणि सगळं नीट झालं तरी रोपापासून फळापर्यंत दोन महिने सहज जातात, तेवढ्यात तुझा मुलगा ती कुंडी विसरलेला असेल. टोमॅटो पाऊस गेल्यावर ऑक्टोबरमध्ये लाव.
आत्ता मेथी. तीही स्वयंपाकघरातलीच, डब्यातली. बियाण्याच्या पाकिटातलं बी पुष्कळदा गुलाबी-हिरवं रंगवलेलं असतं ना, ते बुरशीचं औषध असतं, आणि या वयाची मुलं हातात आलेलं तोंडात घालतातच. मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घाल, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली चार-पाच भोकं पाड, अर्धी माती अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दाणे दाट पसरायला त्याला दे (सांडू देत), आणि पातळ थर मातीचा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात. आठ-दहा दिवसांत बोटाएवढी झाली की कात्रीने कापायची, बाजारात समुद्रमेथीच्या छोट्या जुड्या मिळतात तशीच लागते, मोठ्या मेथीएवढी कडू नसते. डबा ग्रिलच्या आतल्या बाजूला ठेव, मुसळधार पाऊस थेट पडला तर सगळी आडवी होते आणि कुजते. धनेपण लावता येतील पण ते लाटण्याने रगडून दोन फाका करून पेरावे लागतात आणि उगवायला दहा-बारा दिवस घेतात, म्हणून पहिल्यांदा मेथीच.
आणि खरं सांगू का, खाणं ताटात होत नाही, ग्रिलपाशी होतं. आमची लेक ताटातल्या मेथीला अजून नाक मुरडते पण डब्यातली तोडून बकरीसारखी चावते. तिथे कुणी तिच्याकडे बघत नसतं ना. तू कापली त्याच दिवशी लगेच भाजी करून समोर ठेवलीस की त्याला कळणार, हा सगळा बेत त्यासाठीच होता.

कोपरखैरण्याचा_बाप
आमचा अनुभव उलटा आहे, तोही ऐका. भेंडी लावली, दीड महिन्यात पिवळं फूल आलं, लेक रोज शाळेतून आली की आधी भेंडीकडे. तिने तिचं नाव ठेवलं. झालं, आता नाव असलेली भेंडी कापायची कशी? बायकोने तोडली त्या दिवशी घरात सुतक. ती भेंडी तर नाहीच, बाजारातलीपण दोन महिने चालली नाही. वर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला, मुंग्या लागल्या, मी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून फवारत बसलो, त्यानंतर तर तिला धुऊनसुद्धा कच्ची खाऊ द्यायला आमचं धाडस होईना. एक गोष्ट मात्र झाली, एका भेंडीला इतके दिवस लागतात हे कळल्यापासून ती मार्केटमध्ये भेंडीची टोकं मोडून बघत नाही आणि मी मोडली की ओरडते.
तात्पर्य वगैरे नाही. मेथीला नाव ठेवता येत नाही, ती बरी.

तिसरा_मजला
खालच्या फ्लॅटचा विचार करा प्लीज. आमच्या वरच्यांच्या कुंड्यांचं मातीचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतं. खाली ट्रे ठेवा आणि ट्रेमधलं पाणी दोन-तीन दिवसांनी ओतत जा, डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो तेवढ्याशा पाण्यात.

कळव्याची_आजी
वसंतविहारवालीने छान सांगितलंय. मी एवढंच सांगते, पावसात आपसूक येतं म्हणून कुणी अळू लावायला सांगेल, पण लहान मूल असेल तर नको. कच्चं पान तोंडात गेलं की घसा खाजतो, मोठ्या माणसाला सहन होत नाही. आपण चिंच-आमसूल घालून शिजवतो ते उगाच नाही. त्यापेक्षा मायाळू लाव, वेल आहे, काडी खोचली तरी धरते, ग्रिलवर चढते आणि पानांची भजी होतात. भजी म्हटल्यावर नाही म्हणणारं पोर मी तरी बघितलेलं नाही.
आणि बाळा, त्याला या दिवसांत बाजारात घेऊन जा. टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसलेल्या बायका दिसतील, त्याला एक जुडी स्वतः निवडू दे. घरी आणून निवडायला बसव. माझ्या नातवाने टाकळा निवडताना अर्धा तास बडबड केली, खाल्ला एकच घास. दुसऱ्या वेळी दोन. नवीन चव दहा-बारा वेळा समोर यावी लागते, आपण तिसऱ्या वेळीच कंटाळतो. जावईबापूंना वांगी खायला लावता आली तर बघ.

घणसोलीची_आई
सगळ्यांना थँक्यू, अपडेट द्यायला उशीर झाला. पहिला डबा कबुतरांनी खाल्ला!! दुसऱ्यावर जुनी ओढणी बांधली. उगवलेल्या दिवशी त्याने वॉचमन काकांना वर बोलावून दाखवलं. दहाव्या दिवशी कापली आणि आजी, मी काहीच बोलले नाही, पोळ्या लाटत बसले. त्याने घरात सगळ्यांना एकेक काडी वाटली, बाबाने खाल्ली की नाही हे तोंड उघडायला लावून तपासलं (बाबाने खाल्ली). स्वतः एक चावली, थुंकली, मग दुसरी घेतली आणि ती गिळली. भाजी अजून खात नाही. पण आता त्याला त्याच डब्यात बटाटा लावायचाय, रोज विचारतो. आत्ता लावला तर येईल का?

वसंतविहारवाली
पावसात कुजेल, थंडीत लाव. आणि डब्यात नाही, निदान बादलीएवढं खोल काहीतरी लागेल. बटाट्याचा पाला मात्र तोंडात घालू देऊ नको हं, तो विषारी असतो, मेथीसारखा तोडून खायचा नाही हे आधीच सांगून ठेव.