नवीन नर्सेस गावात टिकाव्यात म्हणून काय करायचं?

सुदामानगरची काकू: नमस्कार मंडळी. माझी भाची बीएस्सी नर्सिंग करून अलीराजपूरकडे सरकारी आरोग्य उपकेंद्रात सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) लागलीये, चारच महिने झालेत आणि रोज फोनवर म्हणते मावशी मी सोडते, इंदूरला प्रायव्हेटमध्ये कमी पगार मिळाला तरी चालेल. तिच्या बॅचच्या दोघी परदेशी नोकरीसाठी जर्मन शिकतायत. मला त्या फलियातल्या (तिकडच्या पाड्यातल्या) बायकांचं वाईट वाटतं हो, त्यांना मुश्किलीने कोणीतरी मिळालं होतं. कशी थांबवू हिला?

एमजीएमचा जुना: काकू, आम्हा डॉक्टरांना बॉन्ड होता, एक वर्ष गावात. बॉन्डने माणूस येतो पण राहत नाही, शेवटच्या महिन्यात सगळे पीजीची पुस्तकं घेऊन बसलेले. डब्ल्यूएचओने २०१० मध्येच शिफारशी काढल्यात, त्यात पहिल्यांदा हेच की गावाकडचीच मुलं शिकायला घ्या, मग राहायची सोय, वरिष्ठांचा आधार वगैरे. आपल्याकडे झाबुआ-बडवानीच्या मुली नर्सिंगला येतात, पण पोस्टिंग भलतीकडेच.

धारची सिस्टर: काकू, पगाराचं नंतर बघू, आधी विचारा तिच्या क्वार्टरला आतून कडी आहे का. माझ्या पहिल्या पोस्टिंगला नव्हती, मी लोखंडी पलंग दाराला लावून झोपायची आणि झोप कसली, कुत्रं भुंकलं तरी उठून बसायची. तिथली आशाताई आठ रात्री माझ्याजवळ झोपायला आली म्हणून मी राहिले. आणि एक सीनियर सिस्टर रोज संध्याकाळी फोन करायच्या, आज काय केस आली, काय दिलंस. आदिवासी भागात ३००० वस्तीला एक उपकेंद्र, पण ती वस्ती टेकड्यांवर पसरलेली, एकटी पोरगी कोणाला विचारणार?

सुदामानगरची काकू: ताई, तुमचं वाचून लगेच फोन केला. कडी नाहीच, खुर्ची लावते म्हणाली आणि रडायलाच लागली. मग कळलं, मागच्या आठवड्यात एका गरोदर बाईचं बीपी १६०/११० निघालं, म्हणजे धोक्याचंच, ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टर-सल्ला) डॉक्टर मिळेना, नेटवर्कच नाही, १०८ची अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ही तिचा हात धरून बसली होती. बाई वाचली. पण त्यानंतर हिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

धारची सिस्टर: माझा नंबर मेसेज करते, तिला द्या. रात्री कितीही वाजता लावू दे.

सुदामानगरची काकू: दिला ताई. रविवारी आम्ही दोघं जातोय, ह्यांनी कडी-कोयंडा आणि गिरमिट आत्ताच पिशवीत भरून ठेवलंय.