बँकेवर दावा: स्टेट कोर्टात लावावा की फेडरल कोर्टात?

कर्जमुक्त: मी कॅलिफोर्नियात राहतो. क्रेडिट कार्डाची सगळी बाकी मी मागच्या वर्षी चुकती केली आणि बँकेचे तसे पत्रही माझ्याकडे आहे. तरीही माझ्या क्रेडिट रिपोर्टवर १,८४० डॉलर बुडीत म्हणून दिसत आहेत. हा रिपोर्ट तयार करणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे हरकत नोंदवली, तेव्हा बँकेने ‘तपासले, माहिती बरोबर आहे’ असे एका ओळीत कळवून हात झटकले. एका परिचितांच्या मते बँका फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाला अधिक वचकून असतात. दुसरे म्हणतात की वकिलाशिवाय लढायचे तर स्टेट, म्हणजे राज्याचे, कोर्टच बरे. काय पाहून ठरवावे?

तळटीप: ही निवड सर्वस्वी आपल्या हातात नसते. क्रेडिट रिपोर्टसंबंधीच्या १९७० च्या फेडरल कायद्याखालचा दावा, रक्कम कितीही असो, दोन्हीकडे लावता येतो. पण तो स्टेट कोर्टात लावला, तर समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत बँक तो फेडरल कोर्टात ओढून नेऊ शकते आणि त्यासाठी आपली संमती लागत नाही. म्हणून कोर्टाआधी कायदा ठरवावा. बँकांनी ब्युरोला द्यायच्या माहितीबाबत राज्यांचे बहुतेक नियम फेडरल कायद्याने मोडीत काढले आहेत, परंतु कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील कलम १७८५.२५(अ) त्यातून नाव घेऊन वगळलेले आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी फेडरल कायदा प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही १०० ते १,००० डॉलर देतो, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दंडात्मक भरपाईच प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकते. दावा केवळ या राज्य-कलमावर उभा केला, तर तो हलवायला बँक दुसऱ्या राज्याची असावी लागते आणि वादाची रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असावी लागते.

साक्षीपुरावा: वरील मुद्दा पटला, मात्र नुकसानीचा प्रश्न त्याहून आधी येतो. ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोच्या २०२१ च्या ‘ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ’ खटल्यात ८,१८५ ग्राहकांपैकी ज्या ६,३३२ जणांचा चुकीचा रिपोर्ट कोणा तिसऱ्याकडे गेलाच नव्हता, त्यांना नुकसानभरपाईसाठी फेडरल कोर्टात उभे राहण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. स्टेट कोर्टात ही अट नसते, असे सरसकट सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नका: २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच अपील कोर्टाने याच फेडरल कायद्याखालच्या एका दाव्यात प्रत्यक्ष इजा दाखवा, असे बजावले. आपला रिपोर्ट कोणी पाहिला आहे का?

कर्जमुक्त: होय. गृहकर्ज नाकारल्याचे पत्र आहे आणि त्यात कारण म्हणून हीच नोंद दिली आहे.

साक्षीपुरावा: मग दोन्हीकडे आपली बाजू भक्कम आहे. मूळ पत्र आणि पाकीट जपून ठेवा.

दोनदा लढलेला: स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीच्या स्टेट कोर्टाचाही, विचार व्हावा. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, फी ३० ते ७५ डॉलर असते (फेडरल कोर्टात ४०५) आणि सुनावणीत बँकेच्या बाजूनेही वकील उभा राहू शकत नाही. पण दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही, आणि मी एकदा तसाच हरलो आहे: पावत्या होत्या, परंतु ब्युरोकडे पाठवलेल्या हरकतीची प्रत नव्हती. नोंद दुरुस्त करून घेणे हाच आपला मुख्य हेतू असेल, तर आधी वकिलाला विचारा; जिंकल्यास वकिलाची फी प्रतिपक्षाकडून मिळण्याची तरतूद असल्याने असे खटले आगाऊ पैसे न घेता चालवणारे वकील भेटतात. कार्डाच्या करारातले लवादाचे कलम (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे नेण्याची अट) मात्र आजच वाचून काढा.