ट्रेनर विमानाचं जेट इंजिन आधी पूर्ण करा, लढाऊचं मग बघू

भोसरीचा फिटर:
तेजससाठीची एफ-४०४ इंजिनं अमेरिकेहून रखडली की ठरलेली ओरड सुरू होते: कावेरीचं, म्हणजे आपल्या स्वदेशी लढाऊ इंजिनाचं काय झालं? मी विचारतो, एचएएलच्या एचटीएफई-२५चं काय झालं? २५ किलोन्यूटनचं टर्बोफॅन, म्हणजे पाच टनांपर्यंतच्या एक-इंजिनी ट्रेनरला पुरेसं. काम २०१३ला सुरू झालं, डिसेंबर २०१५मध्ये बंगळूरला कोअर, म्हणजे इंजिनाचा मधला गाभा, पहिल्यांदा चालवून पाहिला. सेवेतल्या विमानात मात्र ते अजून बसलेलं नाही.

माझं म्हणणं, इंजिन शिकायचं तर इथंच. आफ्टरबर्नरची (जादा जोरासाठी मागच्या झोतात इंधन जाळण्याची) भानगड नाही, आणि वापर मात्र रगडून होतो. शिकाऊ पायलट धावपट्टीला चाकं टेकवतो, लगेच थ्रॉटल पुढे, पुन्हा घिरटी, पुन्हा तेच. दर वेळी टर्बाइनची डिस्क तापते, निवते, धातू थकतो. किती तासांनी काय झिजतं, ही माहिती कुठलीही परदेशी कंपनी देत नाही. ती उडवूनच जमवावी लागते.

विमाननगर_४११०१४:
साहेब, बसवणार कशात? एचएएलचंच सितारा ट्रेनर २००३ला फ्रेंच लारझॅक इंजिनावर उडालं, मग रशियन एएल-५५आय आलं, मग स्पिनच्या, म्हणजे गरगरत खाली येण्याच्या दोषात वर्षं गेली. हॉक ट्रेनरला अडूर इंजिन आहेच, तेही लायसन्सवर इथंच बनतं. गिऱ्हाईक नसलेलं इंजिन म्हणजे वऱ्हाड नसलेला मांडव. साठच्या दशकात एचएएलनं आपल्या किरण ट्रेनरसाठी एचजेई-२५०० इंजिन केलं होतं, ते चाललंसुद्धा. पण किरण उडालं ते व्हायपर आणि ऑर्फियस या ब्रिटिश इंजिनांवर.

भोसरीचा फिटर:
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! तेव्हा नेटानं पुढं नेलं असतं तर आज तिसरी पिढी असती.

नुसता करदाता:
"असतं तर"वर पायलट तयार होत नाहीत. खडकवासल्याहून बाहेर पडलेल्या पोरानं इंजिनाची वाट बघत बसायचं का? ७५ स्विस पिलाटस ट्रेनर आणले, पोरं शिकली. विकत घ्या, विषय संपवा.

भोसरीचा फिटर:
विषय संपत नाही ना. एचएएलचं एचटीटी-४० ट्रेनर घ्या. विमान आपलं, २०२३ला ७० विमानांची ऑर्डर, एक लाइन आपल्या नाशकात. इंजिन अमेरिकेच्या हनीवेलचं. आणि डिलिव्हरी कशामुळे लांबली? इंजिनांमुळेच.

मुंढवा धातूवाला:
दोघंही मूळ अडचणीला बगल देताय. चाचणीची सोय कुठंय? कावेरी २०१०मध्ये आयएल-७६ या मोठ्या मालवाहू विमानाखाली बांधून उडवायला रशियात न्यावं लागलं. स्वतःचं उडतं टेस्ट बेड, म्हणजे इंजिन हवेत तपासायचं असं विमान, नसेल तर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर बसावं लागतं. आमच्याकडे फोर्जिंगची, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवायची अक्कल कमी नाही. मुंढव्याच्या भारत फोर्जला रोल्स-रॉइसच्या बिझनेस जेट इंजिनांच्या फॅन ब्लेडचं काम मिळालंय. पण ड्रॉइंग त्यांचं. ब्लेडची वक्रता तशीच का, हे वर्कऑर्डरवर लिहिलेलं नसतं.

विमाननगर_४११०१४:
हे पटलं. पण मग एचएएलनं स्वतःच्या पैशात रेटण्यापेक्षा हवाई दलानंच आधी लिहून द्यावं की पुढचा ट्रेनर याच इंजिनावर. इंजिनाला विमानापेक्षा जास्त वर्षं लागतात, मग आधी इंजिन ठरवा. आता सांगा, ट्रेनर एक-इंजिनी. हवेत ते बंद पडलं आणि मागच्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर आणि पुढचा कॅडेट दोघांना उडी मारावी लागली, तर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहणार?

नुसता करदाता:
कोणी नाही. म्हणूनच सही होत नाही.

भोसरीचा फिटर:
म्हणून पहिल्याच दिवशी कॅडेटला बसवू नका. दोन-इंजिनी विमानात एका बाजूला जुनं, दुसऱ्या बाजूला आपलं लावा आणि टेस्ट पायलटकडून तास भरून घ्या. त्याला आयएल-७६सुद्धा लागत नाही.

मुंढवा धातूवाला:
लागतं. उंचीवर इंजिन विझवून परत पेटवून बघायचं असतं, मोजमापाची यंत्रं आणि माणसं सोबत घेऊन. तुमच्या दोन-इंजिनी विमानात ती बसवणार कुठं?