लाईट कमी केली, गोगलगायी आणल्या तरी केसाळ शेवाळ जाईना, बाटली ओतू का?

घोडबंदर_मीठपाणी:
नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, ३ फुटी मीठपाण्याचा टँक आहे (३ x दीड x दीड, म्हणजे १९० लिटरच्या आसपास). दोन क्लाऊन मासे, एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ खाणारा मासा), एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि दगड, बाकी काही नाही. ११ महिने झाले, मार्चपर्यंत टँक बघत बसावंसं वाटायचं. एप्रिलपासून दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ यायला लागलं आणि आता मे संपत आला तर एवढं वाढलंय की यंदा गणपतीला दूर्वा विकत आणायला नकोत. लाईट १० तासांवरून ६ वर आणली, दर रविवारी २० लिटर वॉटर चेंज करतो, १२ टर्बो गोगलगायी आणल्या त्यातल्या ७ मेल्या. ब्लेनी लांब केसांकडे बघतसुद्धा नाही, काचेवरचं तेवढं चाटतो. गंमत म्हणजे शेवाळ ज्यावर पोसतं ते टेस्ट केलं तर नायट्रेट २, फॉस्फेट शून्य. दुकानदार म्हणाला पाणी एकदम टॉप आहे आणि शेवाळ मारायची बाटली दिली, १४०० रुपये. ती समोर ठेवलीय. ओतू का? आई रोज विचारते की हे गवत पाळायला एवढा खर्च केलास का.

वाशी_वेव्हमेकर:
बाटली अजिबात ओतू नका!! मी ओतलीय म्हणून सांगतो. रात्री टाकली, सकाळी उठून बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत आणि श्रिम्प आडवा. एवढं शेवाळ एकदम मेलं की ते टँकमध्येच कुजणार, कुजताना ऑक्सिजन ओढणार, आणि शेवाळाने जे काही खाल्लेलं ते सगळं परत पाण्यात. पंधरा दिवसांनी डबल जोमाने आलं माझ्याकडे. आणि फॉस्फेट शून्य दिसतंय ना, ते पाणी टॉप आहे म्हणून नाही, शेवाळ खाऊन टाकतंय म्हणून. टेस्ट किटला पाण्यात उरलेलं दिसतं, शेवाळाच्या पोटातलं नाही.
गोगलगायींचं म्हणाल तर पाणी किती गरम आहे? ३० च्या वर माझ्याकडे पण टर्बो टिकल्या नाहीत. मेलेली गोगलगाय लगेच काढा, एक सडली तरी पाण्याची वाट लागते.

ऐरोलीचा_खेकडा:
दोन-चार फ्लेमिंगो सोडा टँकमध्ये 😄 आमच्या ठाणे खाडीतले शेवाळ खाऊनच गुलाबी होतात. पण तुमचं केसाळ नाही खाणार, त्यांना चाळून घ्यायला बारीक लागतं. जोक सोडा, कुणीतरी येऊन सांगेल की खाडीचं किंवा उरणचं पाणी आणून टाका नॅचरल असतं, तसलं काही करू नका प्लीज. आणि खायला कोण घालतं घरात? आमच्याकडे बाबा येता-जाता चिमूटभर टाकायचे, "बघ कसे मागतायत" म्हणून. डबा कपाटात ठेवल्यावर अर्धं शेवाळ कमी झालं.

नेरूळ_सम्प:
सगळ्यांनी लाईट आणि खाणं विचारलं, मला एकच सांगा भाऊ, टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरता ते पाणी कुठलं? आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायला चिलर आहे की पंखा? एप्रिलपासूनच सुरू झालं हे तुम्हीच लिहिलंय, तिथेच काहीतरी आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर नळाचं आणि टॉप-अपचं असे दोन्ही आकडे टाका.

घोडबंदर_मीठपाणी:
टॉप-अप घरच्या आरओचं, प्यायचं असतं तेच. मीठ पण त्यातच मिसळतो. चिलर परवडला नाही, दोन पंखे लावलेत, रोज साडेतीन लिटर तरी उडतं. मीटर शेजाऱ्याकडून आणला. महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी नळाला ९०. पण एप्रिलपासून सोसायटीत टँकर येतोय, बोअरचं पण मिसळतात, त्या दिवशी ६१०!! आरओच्या नळाला ७४. पिण्याला ७४ चांगलंच म्हणतात ना?

नेरूळ_सम्प:
पिण्याला चांगलं, टँकला नाही. सापडलं बहुतेक.
तुमच्या आरओत आत एक छोटा स्क्रू असेल, टीडीएस अ‍ॅडजस्टर. पाणी चवीला अगदीच फिकं लागू नये म्हणून तो मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. नळाला ९० असताना काही बिघडत नव्हतं, आता ६१० वालं टँकरचं पाणी त्या वाटेने सरळ येतंय. आणि आता पंख्याचा हिशोब करा. पंख्याने उडतं ते निव्वळ पाणी, त्यातलं बाकी सगळं टँकमध्येच राहतं. रोज साडेतीन लिटर म्हणजे दोन महिन्यात २१० लिटर, अख्ख्या टँकपेक्षा जास्त पाणी तुम्ही वरून ओतलंत आणि त्यातलं जे काही होतं ते आतच बसलंय. बरेचसे साधे क्षार असतील, पण बोअरच्या पाण्यात नायट्रेट-सिलिकेट असू शकतं, फॉस्फेट पण, आणि मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो, आत काय आहे ते नाही. वॉटर चेंजपण त्याच पाण्याने, म्हणजे बादलीने काढायचं आणि बादलीनेच परत भरायचं.
आरओवाल्याला बोलवा, मेम्ब्रेननंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वेगळी लाईन काढा आणि त्या लाईनला डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार धरून ठेवणारा) एक कार्ट्रिज लावा. मीटरवर ०० आलं पाहिजे. रेझिन रंग बदलणारं घ्या, संपलं की लगेच कळतं. पिण्याच्या लाईनला हात लावू नका, नाहीतर घरात शिव्या खाल.

खारघर_रीफताई:
सम्प दादांना +१. फक्त पाणी बदललं की आठवड्यात जाईल अशी आशा ठेवू नका, दगडांनी फॉस्फेट शोषून ठेवलेलं असतं ते हळूहळू सोडत राहतात, दोन-तीन महिने धरून चाला. तोवर हातानेच उपटायचं. पण टँकमध्ये नुसतं घासू नका, तुकडे उडतात आणि जिथे पडतील तिथे नवीन शेत. सायफनचा बारीक पाइप एका हातात, दुसऱ्या हाताने शेवाळ धरून उपटा आणि लगेच पाइपच्या तोंडाशी न्या, रविवारच्या वॉटर चेंजमध्येच होऊन जातं. जे दगड सुटे निघतात ते बादलीत काढा, पेरॉक्साईडमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने घासा, दोन-तीन मिनिटं ठेवा, टँकच्या काढलेल्या पाण्यात दोनदा खळखळून धुवा आणि परत. मेडिकलमध्ये मिळतं ते २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के असतं, तेवढंच पाणी घालून ३ करा. हातमोजे घाला. थेट टँकमध्ये ओतू नका, तुमचा श्रिम्प आहे.
आणि फॉस्फेट रिमूव्हर कुणी सांगेलच, ते एकदम भरपूर टाकू नका. मी उत्साहात तिप्पट टाकलं, फॉस्फेट खरंखुरं शून्य झालं आणि हिरवं जाऊन डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) आले, तपकिरी शेंबूड आणि त्यात बुडबुडे. त्यापेक्षा हिरवं परवडलं.

घोडबंदर_मीठपाणी:
अपडेट, आज ९ आठवडे झाले. आरओवाला आधी हसला, म्हणे माशांना बिसलेरी पाजता काय, पण लाईन काढून दिली. मेम्ब्रेननंतर २८ येत होतं, डीआयनंतर ००. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, मी बाटलीकडे बघत होतो खरं सांगतो. मग केस फिके पडायला लागले, आधी उपटताना दगड हलायचा, आता चिमटीत धरलं की अलगद येतं. मागच्या पंपावर अजून एक दाढी आहे. पाऊस सुरू झाल्यावर टँकर पण बंद झाला आणि पंखे एकावर आणलेत. आरओचं वाया जाणारं पाणी आई लादी पुसायला घेते, त्यामुळे तिचा राग थोडा कमी झालाय. बाटली दुकानदार परत घेत नाही.
पण आता डाव्या कोपऱ्यात वाळूवर लालसर जांभळी साय धरतेय, दुधावरची उचलावी तशी अख्खी निघते आणि दुसऱ्या दिवशी परत. नवीन धागा काढू का?

वाशी_वेव्हमेकर:
सायनो (सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) आहे ते, हिरवं मरताना बऱ्याच जणांकडे येतं. धागा नंतर काढा, आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) त्या कोपऱ्याकडे वळवा, तिथे पाणी फिरत नसणार. आणि बाटली शेजाऱ्याला देऊ नका, त्याचाच मीटर वापरलात 😀