निळी गोळी आणि सकाळचा चहा
मुलींमधील रक्तक्षयाला त्यांचे डाएटचे खूळच कारणीभूत आहे, हे मत मला पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्या सगळ्या काही डाएट करणाऱ्या नव्हत्या.

मी अकरावीत आहे. शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळे. ती काहीतरी खाऊन झाल्यावर घ्यायची असते, पण आम्हाला प्रार्थना संपताच दिली जाई, त्यामुळे नुसत्या चहावर आलेल्या मुलींना मळमळे आणि पुढच्या वेळी गोळी गुपचूप कंपासपेटीत जाई. शिवाय चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, हे आईलाही कुणी सांगितले नव्हते. ती स्वतःची गोळी चहाबरोबरच घेत असे. गोळी मधल्या सुट्टीत, डबा खाल्ल्यावर दिली असती, तर निदान पोटात तरी गेली असती.